राहिलेली लस अजूनही देता येते

दसरा सरला की माहूर-किनवट पट्ट्यातले तांडे, वाड्या आणि गुडे हळूहळू रिकामे व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी दाराशी येते आणि कोयत्याच्या जोडीबरोबर कडेवरचं लेकरूही पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी तेलंगणात मजुरीला, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. पीठ-मीठ, भांडीकुंडी, पांघरुणं आठवणीने बांधली जातात. लेकराच्या लसीचं कार्ड मात्र बऱ्याचदा पत्र्याच्या पेटीत घरीच राहतं, आणि तिथून पुढच्या लसी चुकायला सुरुवात होते.

या लेखात मुख्यतः अशा घरांसाठी काही सांगायचं आहे. ते वाचून त्यांना समजावू शकतील अशा शिक्षकांसाठी, सरपंचांसाठी, किराणा दुकानदारांसाठी, कॉलेजात जाणाऱ्या भावंडांसाठीही ते आहे. लस नको म्हणून हटून बसणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. सुरुवात करून पुढच्या मात्रांना निसटणारी लेकरं त्याहून कितीतरी जास्त आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १०० पैकी ९५ लेकरांना बीसीजी मिळालेली होती, पण सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली लेकरं ७६ च होती. मधली १९ एकदा तरी आरोग्यसेविकेच्या हाती आली होती. त्यांच्या आईबापांनी सुई नाकारली नव्हती. पुढची तारीख आली तेव्हा ती दुसरीकडे होती, किंवा आजारी होती, किंवा कुणी आठवण करून दिली नाही.

महाराष्ट्राची कहाणी तर मनाला लागणारी आहे. १९९८-९९ च्या सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या एक ते दोन वर्षांच्या लेकरांपैकी ७८ टक्क्यांच्या मूलभूत लसी पूर्ण होत्या. देशाचा आकडा तेव्हा ४२ होता. २००५-०६ मध्ये आपण ५९ च्या आसपास आलो आणि २०१५-१६ मध्ये ५६ वर. त्याच काळात देश ६२ वर पोचला. म्हणजे एकेकाळी देशाच्या कितीतरी पुढे असलेलं राज्य मागे पडलं, आणि त्याचा गवगवाही फारसा झाला नाही. पुढे २०१९-२१ मध्ये आपण पुन्हा ७३ च्या वर आलो, तरी वीस वर्षांपूर्वीची उंची गाठली नाही. मग करोना आला, सत्रं विस्कळीत झाली, आणि त्याची किंमत २०२२ च्या अखेरीस दिसली. मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेली गोवरची साथ भिवंडी, मालेगावपर्यंत पोचली आणि लेकरं दगावली. गोवराची लस देशाच्या नियमित कार्यक्रमात १९८५ पासून फुकट मिळते आहे, हे लक्षात घेतलं की त्या मृत्यूंचं दुःख अधिक होतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात एकही मात्रा न मिळालेली सुमारे १६ लाख बाळं होती. २०२४ मध्ये ती ९ लाखांवर आली. एका वर्षात एवढी सुधारणा होते, याचा अर्थ शोधलं तर ही लेकरं सापडतात.

घरातल्या तारखांशी लसीची गाठ

आपल्याकडे बारसं, जावळ, उष्टावण या तारखा कुणी विसरत नाही. लसीच्या तारखा त्यांच्याशीच बांधून ठेवाव्यात.

जन्मल्यावर दवाखान्यातून निघण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात: बीसीजी, ब कावीळची सुई आणि पोलिओचे थेंब. ब कावीळची ही मात्रा २४ तासांच्या आतच घ्यायची असते. बाळंतपण घरी झालं असेल तर त्याच दिवशी आशाताईला बोलवा. चार दिवसांनी कळवून त्या मात्रेचा उपयोग नाही.

सव्वा महिना पाळून बाळंतीण घराबाहेर पडते, तेव्हा दीड महिन्याच्या लसीला जेमतेम आठवडा उरलेला असतो. सव्वा महिन्याच्या न्हाणीच्या दिवशीच लसीचा दिवस विचारून ठेवला तर ती चुकत नाही. पुढची अडीच महिन्यांची आणि त्यानंतरची साडेतीन महिन्यांची. या तीन खेपांमध्ये पेंटाव्हॅलंट मिळते. तिच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब कावीळ आणि हिब या जंतूपासून होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर, अशा पाच आजारांपासून संरक्षण असतं. सोबत पोलिओचे थेंब आणि जुलाबाविरुद्धची तोंडावाटे द्यायची रोटाची लस. दीड आणि साडेतीन महिन्यांना न्यूमोनियाची पीसीव्ही आणि दंडावरची पोलिओची सुईही असते. म्हणजे त्या दोन दिवशी बाळाला तीन-तीन सुया बसतात: डाव्या मांडीत, उजव्या मांडीत आणि उजव्या दंडावर. आईचा जीव कासावीस होतो, आजी म्हणते एकच द्या, बाकीच्या पुढच्या वेळी. ते ऐकू नका. तिन्ही एकाच दिवशी दिल्याने बाळाला अपाय होत नाही. उलट पुढच्या वेळेवर टाकलेली सुई राहून जाण्याचीच भीती जास्त.

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. इथे मोठी गफलत होते. 'पाच लसी झाल्या, आता संपलं' असं समजून लोक थांबतात. पण गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते, आणि तिच्याशिवाय गोवरापासूनचं संरक्षण अपुरं राहतं. त्याच वेळी त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा, आणि पोलिओचा बूस्टर. अ जीवनसत्त्व दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. पाच वर्षं झाली की, शाळेत नाव घालण्याच्या सुमारास, त्रिगुणीचा दुसरा बूस्टर.

पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी होतं, ही आणखी एक अडचण. पहिल्या लसी माहेरच्या आशाताईच्या यादीत आणि नंतर बाळ तिसऱ्या-पाचव्या महिन्यात सासरी येतं. सासरच्या आशाताईला ते लेकरू ठाऊक नसतं आणि माहेरच्या ताईला वाटतं आता ते तिकडे घेतील. सासरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्ड घेऊन अंगणवाडीत नाव नोंदवून या. सासऱ्यांनी नाहीतर दिराने जाऊन नोंदवलं तरी चालतं; बाळंतिणीनेच जायला हवं असं काही नाही.

गाव सोडण्याआधी

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी बाळाच्या जन्मतारखेवरून एक हिशोब करायला हवा. जुलैच्या सुरुवातीला जन्मलेलं बाळ घ्या. त्याच्या तिन्ही खेपा ऑक्टोबरपर्यंत, गाडी निघण्याआधी गावातच होऊ शकतात आणि नऊ महिन्यांची लस परत आल्यावर एप्रिलात. मात्र पहिली खेप महिनाभर लांबली की तिसरी रस्त्यात अडकते. ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाच्या तिन्ही खेपा कारखान्याच्या तळावरच येतात. आणि जानेवारीत, पाचटाच्या कोपीत जन्मलेल्या बाळाची तऱ्हा सगळ्यात अवघड: त्याच्या पहिल्या खेपा परगावी, आणि नऊ महिने भरतात ते ऐन पुढच्या हंगामाला निघण्याच्या तोंडावर. आठवडाभर कमी पडतो म्हणून गोवर-रुबेला राहते, आणि ते लेकरू पुढचे सहा महिने गर्दीच्या तळावर गोवराला उघडं असतं.

म्हणून दसऱ्याच्या आधीच आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला सांगा: आम्ही अमुक दिवशी निघणार, अमुक तालुक्यात जाणार, एप्रिलपर्यंत येणार नाही. त्यांच्याकडे ज्यांची लस राहिली किंवा यायची आहे अशांची यादी असते. तिला त्या 'ड्यू लिस्ट' म्हणतात. निघण्याआधी देण्यासारखी जी मात्रा असेल ती त्या देतील. दीड महिन्याची लस बाळ सहा आठवड्यांचं झाल्याशिवाय देता येत नाही आणि पेंटाच्या दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचं अंतर लागतंच. तेव्हा 'जायचंय, लवकर देऊन टाका' असा आग्रह धरून फायदा नाही. पण तारीख उलटून गेलेली असेल तर तिथल्या तिथे घ्या.

परगावी गेल्यावर लस कुठे मिळेल, ही शंका फार जणांना असते. देशातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात, अंगणवाडीतल्या सत्रात मिळते. आधारवरचा पत्ता माहूरचा असला, रेशन कार्ड नांदेड जिल्ह्यातलं असलं, तरी फरक पडत नाही. पैसे लागत नाहीत. साखर कारखान्याचे तळ, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, भटक्यांच्या वस्त्या यांची गणना आरोग्य खात्याच्या नियोजनात अतिजोखमीच्या भागांत होते आणि तिथे सत्र घेणं हे त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम आहे. पण तळावर बाळ आलंय हे त्यांना कळायला हवं. पोचल्यावर मुकादमाला पहिल्या आठवड्यातच जवळच्या केंद्रात सांगायला लावा. टोळीतल्या लहान लेकरांची यादी मुकादमाला सहज करता येते. मजुरांची नावं तर त्याच्या वहीत आधीच असतात. गावच्या ग्रामसभेने मुकादमांना एवढं एक काम सांगितलं तर पुष्कळ फरक पडेल, असं मला मनापासून वाटतं.

काही घरांत लेकरू आजीकडे ठेवून आईबाप जातात. अशा वेळी कार्ड लेकराजवळ राहायला हवं. दीड वर्षाची आणि पाच वर्षांची लस आजीच्या वाट्याला येते. तिला महिना सांगा, आणि शेजारच्या कुणाला तरी कार्ड वाचून दाखवायला सांगा.

कार्डाचं म्हणाल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक लसीनंतर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलवर काढा. घरातल्या दोन फोनवर असला तर आणखी बरं. आता यू-विन या सरकारी व्यवस्थेत मोबाइल नंबरवर लसीची नोंद होते आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही दिसते. नोंद करताना आपल्या घरातलाच, चालू राहणारा नंबर द्या. रिचार्ज संपला की बदलणारा नंबर दिला तर ती नोंद शोधायची कशी?

तारीख उलटली असेल तर

राहिलेल्या लसीची लाज वाटून आई सत्राकडे फिरकत नाही, हे वारंवार घडतं. चार महिने उशिरा गेलं तर बोलणी बसतील, किंवा पुन्हा पहिल्यापासून सगळ्या सुया टोचतील, अशी धास्ती असते. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं, कितीही अंतर पडलेलं असो.

वयाच्या काही मर्यादा तेवढ्या आहेत. बीसीजी एक वर्षाच्या आत घेता येते. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांची पहिली मात्राही एक वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. एकदा सुरू झाली की पुढच्या मात्रा वर्ष उलटल्यावरही देता येतात. वर्ष उलटून गेलं आणि पेंटा सुरूच झाली नसेल तर त्रिगुणी देतात, ती सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. म्हणजे तीन वर्षांचं लेकरू अजिबात लस न घेता वाढलं असलं तरी त्याच्यासाठी बरंच काही शिल्लक आहे. ते घेऊन जा.

कार्ड हरवलं, नोंदही सापडत नाही, आणि किती झाल्या ते नक्की सांगता येत नाही, तर आरोग्यसेविका ती मात्रा मिळालेली नाही असं धरून देतात. एखादी मात्रा जास्त झाली तरी लेकराला त्रास होत नाही. बीसीजीचा वण डाव्या दंडावर दिसतो का ते आधी पाहतात. कार्डावर बीसीजीची नोंद असेल आणि वण मात्र उठला नसेल, तर पुन्हा टोचायची गरज नसते.

सर्दी-पडसं, बारीक ताप, एक-दोन पातळ जुलाब ही लस पुढे ढकलण्याची कारणं नव्हेत. लेकरू अशक्त, कमी वजनाचं असेल तर त्याला लसीची गरज इतरांहून अधिक आहे, कारण गोवर झाला तर तेच लेकरू सगळ्यात आधी खचतं. जोराचा ताप असेल, दवाखान्यात भरती असेल, किंवा आधीच्या मात्रेनंतर झटके आले असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पावडरीच्या असतात. पातळ केल्यावर चार तासांत संपवाव्या लागतात, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे 'आज एकच लेकरू आहे, पुढच्या वेळी या' असं कुठे ऐकायला मिळालं, तर नम्रपणे सांगा की एका लेकरासाठीही कुपी उघडायची असते. सरकारी सूचना तशीच आहे. चार मात्रा वाया गेल्या तर चालतील, परत गेलेली आई पुन्हा येईलच असं सांगता येत नाही.

भीतीबद्दल थोडं

पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथे ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं बरी झाली, तिथल्या कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. तरी त्या बातमीने या भागातल्या किती आयांच्या मनात घर केलं असेल, याची कल्पना कुणीही करू शकतं. ती भीती खोटी ठरवून चालणार नाही. तिच्यावरचा इलाज म्हणजे स्वतः बघून घेणं.

सत्राच्या जागी निळ्या रंगाचा छोटा डबा असतो, आत बर्फाच्या चार पट्ट्या. लस कुठली ते विचारा आणि कुपी दाखवायला सांगा. बऱ्याच चांगल्या आरोग्यसेविका स्वतःहून दाखवतात. बहुतेक कुप्यांवर एक जांभळट गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला असेल तर लस उष्णतेने खराब झाली आहे, ती द्यायची नसते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ही खूण ओळखता येते, म्हणूनच ती मला फार मोलाची वाटते. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. ती एकदा वापरली की आपोआप अडकते, दुसऱ्यांदा भरताच येत नाही.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: कुठल्या लसी दिल्या, काय त्रास होऊ शकतो, तो झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती. पेंटानंतर दिवस-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. गार पाण्याची पट्टी, भरपूर पाजणं, आणि आरोग्यसेविकेने वजनाप्रमाणे सांगितलं तेवढंच पॅरासिटामॉल पुरतं. टोचलेल्या जागी हळद, बाम, तेल लावू नका, शेकू नका. बीसीजीनंतर महिनाभराने दंडावर पुटकुळी येते, फुटते, वण राहतो. तिलाही काही लावायचं नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, बाळ तीन तास सलग रडत राहिलं, झटका आला किंवा ते मलूल पडलं तर मात्र वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. १०८ ची गाडी फुकट आहे.

गोवर उठला की घरात कडुनिंब लावतात, देवीला साकडं घालतात. रेणुकामातेच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना श्रद्धा सोडा असं कोण म्हणेल? साकडं घाला, आणि त्याच दिवशी लेकराला दवाखान्यातही न्या. गोवरात अ जीवनसत्त्वाचे डोस दोन लागोपाठच्या दिवशी देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत गोवर इतरांना लागतो, म्हणून तेवढे दिवस लेकराला अंगणवाडीत, लग्नात, यात्रेत नेऊ नका. नवरात्रात, दत्तजयंतीला, राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला माहूरगडावर लांबून लोक येतात. जावळासाठी आणलेली कितीतरी बाळं नऊ महिन्यांच्या आतली असतात. त्यांना गोवराची लस अजून मिळालेलीच नसते. भोवतालच्या लेकरांना ती मिळालेली असणं, एवढाच त्यांचा आधार. गोवराची साथ रोखायला शंभरातल्या पंचाण्णव लेकरांच्या दोन्ही मात्रा व्हाव्या लागतात.

बंजारा घरात आजी गोरमाटी बोलते, गोंड-कोलाम घरांत वेगळी भाषा, सीमेवर तेलुगू. मराठी सूचना डोक्यावरून जाते. तांड्यातली शिकलेली मुलगी ही इथे सगळ्यात कामाची व्यक्ती आहे. सत्राच्या आदल्या संध्याकाळी तिने आपल्या भाषेत चार घरं फिरून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत येणाऱ्या बायांची संख्या वाढलेली दिसेल. तिला हे काम सांगा, आणि त्याचा मान द्या.

शेवटी मोठ्या लेकरांविषयी, कारण त्यांचा विसर हमखास पडतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी ही सुई असते. बहुधा आरोग्य पथक ती शाळेतच देतं. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणारं लेकरू त्या दिवशी सुट्टीवर असेल, किंवा शाळा सोडून कामाला लागलेलं असेल तर ती राहते. मुख्याध्यापकांना किंवा गृहपालांना विचारा. राहिली असेल तर दिवाळीच्या सुट्टीत उपकेंद्रात जाऊन घेता येते. लहानपणीचं कार्ड सोबत न्या, तीही नोंद त्यावरच करून घ्या.